मायक्रोफिल्मवरून जुनी वर्तमानपत्रं वाचताना: भरवसा कुठे ठेवायचा, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा. १८९६-९७ च्या प्लेगच्या काळातली पुण्या-मुंबईची मराठी वर्तमानपत्रं हा एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा विषय आहे. ग्रंथालय म्हणतं, बांधीव फाइली जीर्ण झाल्यात, हाताळायला देणार नाही, मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे बारीक केलेले फोटो असलेलं रीळ, यंत्रावर पाहा. मार्गदर्शक म्हणतात, मूळ अंक न बघता लिहिलेलं मी वाचणार नाही. दोन दिवस यंत्रासमोर बसून हिचं डोकं ठणकायला लागलंय. मायक्रोफिल्मचे फायदे-तोटे काय, आणि हे सगळं पीडीएफमध्ये येईपर्यंत थांबावं का, असं तिने विचारलंय.

थांबू नका. ग्रंथालय आणि मार्गदर्शक या भांडणात दोघांचंही बरोबर आहे, फक्त क्रम ठरवायला हवा: आधी फिल्म, मग मूळ अंक. तो का, ते सांगते. सत्तावीस वर्षं मी रिळं फिरवतेय आणि फिल्मने मला जितकं दिलंय तितकंच तोंडावरही पाडलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी कामाचा आवाका बघा. केसरी तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. दोन वर्षांचे शंभरावर अंक झाले. त्याच्या जोडीला इंग्रजीतला मराठा, सुधारक, ज्ञानप्रकाश, मुंबईचा इंदुप्रकाश, दीनबंधू. कागदाच्या फाइली बघायच्या म्हटल्या तर या सगळ्यांची पूर्ण मालिका एका छपराखाली मिळणं कठीण. एक वर्ष या गावात, पुढचं दुसऱ्या गावात, मधले चार महिने कुणाकडेच नाहीत. बरं, फाइल मिळाली तरी वाचायची कशी? टेबलावर उशी ठेवून तिच्यावर फाइल उघडायची, दोन्ही तळव्यांवर पान पेलत उलटायचं, प्रत्येक पानागणिक मांडीवर पिवळा चुरा पडतो तो बघायचा आणि आपण पाप करतोय असं वाटून घ्यायचं. दिवसाला पंधरा अंक झाले तर खूप. ३५ मिलिमीटरचं शंभर फुटी रीळ, म्हणजे तीसेक मीटर फिल्म, तळहातावर मावेल अशा डबीत बसतं आणि त्यात वर्तमानपत्राची सहाएकशे पानं सहज असतात. फाइलीवर मला पंधरवडा लागला असता ते काम मी फिल्मवर तीन दिवसांत उरकलंय. आणि उरकलंय म्हणजे चाळलेलं नव्हे, वाचलेलं.

दुसरा फायदा माझ्या मते पहिल्याहून मोठा आहे. फिल्म त्या कागदाची जुनी अवस्था दाखवते. लाकडाच्या लगद्याचा कागद त्याच्यातल्याच आम्लाने दर वर्षी थोडा कुरकुरीत होत जातो. एखादी फाइल १९७० च्या आसपास चित्रित झाली असेल, तर तुम्ही पडद्यावर बघताय ते पन्नासेक वर्षांपूर्वीचं पान. त्यानंतर त्या फाइलीचे कोपरे झडले, कुणी भल्या माणसाने ब्लेडने एक अग्रलेख कापून नेला, वाळवीने शेवटच्या चार अंकांचा फडशा पाडला. फिल्मवर मात्र सगळं जागेवर आहे. मी स्वतः एका फाइलीत खिडकीएवढं भोक बघितलंय आणि त्या भोकातला मजकूर फिल्मवर वाचलाय. तेव्हा मूळ अंक हा नेहमीच प्रतीपेक्षा पूर्ण असतो, हे मार्गदर्शकांचं गृहीतक तेवढं तपासून घ्या.

टिकाऊपणाबद्दल एरवी फार ऐकवलं जातं, पण ते खरंच आहे. पॉलिएस्टरवरची चांदीची फिल्म नीट धुतलेली आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेली असेल, तर तिचं आयुष्य पाचशे वर्षं धरतात. वाचायला दिवा आणि भिंग एवढंच लागतं. जुनी एक फ्लॉपी आज माझ्याकडे आहे, तिच्यात माझ्याच प्रबंधाची टिपणं आहेत आणि मी ती वाचू शकत नाही. त्याच काळात काढून घेतलेली रिळाची प्रत अजून वाचते. जर्मनीत फ्रायबुर्गजवळ डोंगरातल्या एका जुन्या खाणीच्या बोगद्यात, बार्बारास्टोलेन त्याचं नाव, १९७५ पासून तिथल्या दप्तरांच्या फिल्म पोलादी पिंपांत सीलबंद करून ठेवतात. ३ मार्च २००९ ला कोलोन शहराचं दप्तरखाना असलेलं घर मेट्रोच्या खोदकामाशेजारी कोसळलं, तेव्हा निदान काही दप्तरांच्या फिल्म तरी त्या बोगद्यात शाबूत होत्या. आपल्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमावाने जी मोडतोड केली, ती ज्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली, त्यांना ‘दुसरी प्रत दुसऱ्या गावात’ या चार शब्दांचा अर्थ कळतो.

गोव्याचं उदाहरण तर अभ्यासकाच्या दृष्टीने फारच बोलकं आहे. लिस्बनला आंतोनियु द सिल्व्हा रेगु यांच्या पुढाकाराने फिल्मोतेका उल्त्रामारिना नावाचा फिल्मसंग्रह सुरू झाला आणि पणजीच्या दप्तरखान्यातल्या ‘मोंसोंइश’च्या ग्रंथांची, म्हणजे मोसमी वाऱ्यांबरोबर गलबतांतून ये-जा करणाऱ्या सरकारी पत्रव्यवहाराची, फिल्म तिकडे गेली. त्यात काय होतं याच्या नोंदी १९५४ पासून त्यांच्या पत्रिकेत छापून यायला लागल्या. १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि भारत-पोर्तुगाल राजनैतिक संबंध पूर्ववत व्हायला १९७४ चा डिसेंबर उजाडला. मधली तेरा वर्षं लिस्बनच्या अभ्यासकाला पणजीचा कागद म्हणजे ती फिल्मच. मराठे-पोर्तुगीज संबंधांवर काम करणाऱ्यांनी हा रस्ता अजून लक्षात ठेवावा.

आता तोंडावर पडल्याच्या गोष्टी.

प्लेगच्या आठवड्याच्या मृत्यूंचा एक तक्ता मी फिल्मवरून उतरवला होता. पेठवार आकडे, नीट कॉलमात. एका पेठेत मृत्यू अगदीच कमी दिसले आणि मी त्यावर चक्क एक परिच्छेद रचला: इथली वस्ती विरळ असावी, लोक आधीच गाव सोडून गेले असावेत वगैरे. दोन वर्षांनी तोच अंक कागदावर समोर आला. तक्ता पानाच्या आतल्या कडेला होता आणि बांधणी करणाऱ्याने फाइल इतकी घट्ट शिवली होती, की कॉलमची एक बाजू शिवणीच्या घळीत गेली होती. बोटाने पान हलकेच दाबलं, तशी अंधारातून शतकाची घरं बाहेर आली. विरळ वस्तीची पेठ एका दाबात दाट झाली. चित्रण करणाऱ्याने फाइल काचेखाली जेवढी उघडेल तेवढी उघडली होती, त्याचा दोष नाही. दोष माझा, कारण त्याच पानाच्या आतल्या कॉलमात प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर अर्धं आहे, हे मला दिसत होतं आणि तरी मी तक्ता पूर्ण धरून चालले. तेव्हापासून नियम केलाय: आतल्या कडेचा कोणताही आकडा फिल्मवरून छापायला द्यायचा नाही.

मराठीपुरता दुसरा सापळा अनुस्वाराचा. १९६२ च्या आधीचं लेखन, त्यामुळे ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘घरें’ असे अनुस्वार पानभर शिंपडलेले. पॉझिटिव्ह फिल्मवर, म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात त्या फिल्मवर, धुळीचा कण आणि अनुस्वार यांत डोळ्याला फरक करता येत नाही. ‘केले’ का ‘केलें’, यावर कर्ता कोण हे बदलत नसेलही, पण ‘तो’ आणि ‘तों’ यांत वाक्याचा अर्थ फिरतो. युक्ती सोपी आहे. फिल्म अर्धा इंच पुढे सरकवा. ठिपका जागच्या जागी राहिला तर तो यंत्राच्या काचेवरचा कण, फुंकर मारा. ठिपका अक्षराबरोबर सरकला तर तो फिल्मवरचा, म्हणजे अनुस्वार तरी किंवा फिल्मवरचा डाग तरी. मग बारीक फोकस करा. छापलेला ठिपका त्याच ओळीतल्या इतर अनुस्वारांच्या मापाचा असतो आणि शिरोरेषेपासून तेवढ्याच अंतरावर बसतो. उभी ओरखड असेल तर ती वरच्या-खालच्या फ्रेमांतही दिसेल. निगेटिव्ह रिळावर, काळ्यावर पांढरी अक्षरं असतात तिथे, धूळ त्रास देत नाही, कारण पार्श्वभूमीच काळी. मला दिवसभर बसायचं तर निगेटिव्हच बरी वाटते. सुरुवातीला अर्धा तास विचित्र वाटतं, मग डोळे शांत होतात.

तिसरं, फिल्मला करडा रंग फारसा कळत नाही. छापील मजकुरासाठी वापरतात ती फिल्म मुद्दाम कडक काळी-पांढरी असते, अक्षर ठसठशीत उठावं म्हणून. चांगल्या छपाईला ते मानवतं. पण पातळ कागदावर पाठीमागची शाई पुढे उतरली असेल, तर ती सावलीही अक्षराइतकीच काळी होऊन बसते. छपाईचा शिशाचा खिळा झिजलेला असेल तर ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांची गाठ भरून जाते. आकड्यांत १ आणि ९ यांनी मला सर्वांत जास्त छळलंय. तारखेच्या बाबतीत यावर एक फुकटचा उपाय आहे, वार. १५ जून १८९७, ज्या अंकात ‘शिवाजीचे उद्गार’ छापले गेले तो, मंगळवार. २२ जून, ज्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली तोही मंगळवारच, म्हणजे त्याबद्दलचा नेहमीचा पुढचा अंक २९ जूनचा. फिल्मवर वाचलेली केसरीची तारीख मंगळवारी पडत नसेल, तर आकडा चुकीचा वाचलाय असं समजून परत बघा.

चित्रांचं तर बोलायलाच नको. तुमच्या विषयात चित्रं कमी, म्हणून सुटलात. पुढच्या काळातली मासिकं, म्हणजे १९०९ पासून दिवाळी अंक काढणाऱ्या मनोरंजनसारखी, फिल्मवर बघणं म्हणजे छायाचित्राच्या जागी डांबराचा चौकोन बघणं. रंगीत मुखपृष्ठाचा रंग गेला, समासातली निळी पेन्सिल कुणाची होती ते गेलं, जाहिरातीतला लाल शाईचा ठसा गेला.

मोडी कागदांवर काम करणाऱ्यांनी तर फिल्मकडे फक्त वाचनाची प्रत म्हणून बघावं. बंदांच्या, म्हणजे एकाखाली एक चिकटवलेल्या कागदांच्या, पाठीवर जोडावर मारलेला शिक्का, कागदाचं जलचिन्ह, दोन हातांची दोन वेगळ्या काळेपणाची शाई यांवरून कागद खरा की मागाहून केलेला ते ठरतं, आणि चित्रण करणाऱ्याने बऱ्याचदा पाठ कोरी समजून ती घेतलेलीच नसते. मजकूर फिल्मवरून लावा, निवाडा कागदावर करा.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले, ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आपण फिल्मवर ‘केसरी १८९७’ वाचत नसतो. आपण अमुक ग्रंथालयातली अमुक फाइल, अमुक माणसाने अमुक महिन्यात कॅमेऱ्याखाली धरली, ती वाचत असतो. त्या माणसाने एक पान दोनदा टिपलं असेल (मी एक जाहिरात या कारणाने दोनदा मोजली आहे), दोन पानं चिकटून एक सुटलं असेल, बांधणाऱ्याने पुरवणी भलत्या अंकाच्या पोटात घातली असेल. एका रिळावर मला पानाच्या कोपऱ्यात चित्रण करणाऱ्याचा अंगठा दिसतो, नखाला शाई लागलेली. मला तो अंगठा आवडतो. तो दिसला की मी सावध होते.

म्हणून रिळाच्या सुरुवातीच्या ज्या चार-पाच फ्रेमा सगळे सर्रकन पुढे ढकलतात, त्या उतरवून घ्या. फाइल कुणाच्या मालकीची, चित्रण कधी, किती पट लहान केलंय, कोणते अंक नाहीत, हे तिथे पाटीवर लिहिलेलं असतं. किती पट लहान केलंय हे यंत्रावर कोणतं भिंग लावायचं ते ठरवायलाही लागतं, चुकीच्या भिंगामुळे अर्ध्या लोकांची डोकी दुखतात. मध्येच ‘अंक उपलब्ध नाही’ अशी पाटी आली, तर ती फक्त त्या फाइलीपुरती खरी. तो अंक निघालाच नाही असं टिपणात लिहू नका, दुसऱ्या गावच्या फाइलीत तो शांतपणे बसलेला असू शकतो. उलट पाटी नसेल तरी अंकाचे क्रमांक ओळीने तपासा. पाटी लावायला विसरणारा माणूसही माणूसच.

आणखी एक विचारायचं ग्रंथपालांना: ही प्रत कितवी? कॅमेऱ्यातून निघालेली पहिली निगेटिव्ह मास्टर, तिच्यावरून काढलेली दुसरी छपाईसाठी, आणि तिच्यावरून वाचकांसाठीची तिसरी, अशी पद्धत असते. दर पिढीला अक्षराची धार थोडी बोथट होते, आणि वाचकांची प्रत तर शेकडो हातांनी खरवडलेली. पडद्यावर अक्षरं धूसर दिसली की लोक मूळ छपाईला शिव्या घालतात. मास्टर कुठेतरी असेल तर नवी प्रत निघू शकते, किंवा तिच्यावरून थेट स्कॅन मिळतं. केसरी आणि तत्कालीन पत्रांच्या फिल्म दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयातही आहेत, जे आता प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी १९६७ पासून दक्षिण आशियाई साहित्याची फिल्म एकत्र जमवण्याचा प्रकल्प चालवलाय. एकाच पत्राची दोन ठिकाणची रिळं दोन वेगळ्या फाइलींवरून केलेली असतील, तर तुमचं नशीब उघडलं. एकीची घळ दुसरीत उघडी असते.

आता पीडीएफचं. ज्या पीडीएफची तुम्ही वाट बघताय, त्यांतल्या कित्येक रिळावरूनच काढलेल्या असतात. ओळखायला सोपं आहे: पानाभोवती काळी चौकट, उभ्या बारीक रेघा, करडा रंग गायब, एका चित्रात दोन पानं. म्हणजे घळ तीच, सुटलेलं पान तेच, अंगठाही तोच, फक्त पाटीच्या फ्रेमा स्कॅन करणाऱ्याने अनावश्यक समजून काढून टाकलेल्या. फिल्म वाचता येणाऱ्याला अशी पीडीएफ वाचता येते. थेट पीडीएफपासून सुरुवात करणाऱ्याला आपण काय बघत नाही आहोत, हेच कळत नाही.

‘पण शोधता येतं ना?’ हे मला दर महिन्याला ऐकावं लागतं. इंग्रजी पत्रांत बऱ्यापैकी येतं. १८९७ च्या मराठी खिळ्यांवर, तुटलेल्या मात्रांवर आणि भरलेल्या गाठींवर यंत्राने अक्षर ओळखण्याचं काम अजून फार कच्चं आहे. ते उद्या सुधारलं तरी तुम्ही शोधणार काय? ‘प्लेग’? त्या काळी तोच आजार कुठे गांठीचा ताप होता, कुठे ग्रंथिक सन्निपात, कुठे नुसती ‘सांथ’. आणि ज्या बातमीत आजाराचं नावच नाही, नुसतं ‘स्टेशनावर गर्दी’, ‘शाळेस सुटी’, ‘घरांची तपासणी’ एवढंच आहे, ती कोणत्या शब्दाने सापडणार? फिल्मवर तुम्हाला पान ओलांडून जाता येत नाही. अग्रलेखाकडे जाताना औषधांच्या जाहिराती, धान्याचे भाव, नाटक कंपनीने पुण्यातला मुक्काम हलवल्याची चार ओळींची बातमी हे सगळं नजरेखालून जातंच. माझ्या प्रबंधातलं सर्वांत बरं प्रकरण एका जाहिरातीवरून सुचलं, आणि ती मी शोधत नव्हते. शोधाची सोय नसणं हा फिल्मचा तोटा म्हणून सगळीकडे लिहिलेला असतो. मी तो अर्धाच तोटा मानते.

इथेच एक इशारा. सरकारी भाषांतरखात्याने देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी उतारे करून दर आठवड्याला जे अहवाल काढले, त्यांचीही फिल्म मिळते आणि ती मोहात पाडते: सगळी पत्रं एका जागी, स्वच्छ छपाई, वर सूची. त्यांचा उपयोग दिशादर्शक म्हणून करा, पुरावा म्हणून नको. सरकारला ज्याची काळजी वाटली तेवढंच त्यात आहे, आणि तेही दुसऱ्याच्या शब्दांत. १८९७ च्या टिळकांच्या खटल्यात मराठी शब्दांच्या भाषांतरावरून किती खल झाला, ते एकदा बघा म्हणजे पटेल. अहवालातून तारीख घ्या, मग मूळ मराठी रिळावर जा.

डोकेदुखीबद्दल. रीळ वेगात फिरवताना पडद्याकडे बघायचं नाही. मान बाजूला वळवायची, थांबलं की बघायचं. बोट लागल्यासारखं होतं ते धावत्या पानांमुळे. खिडकी पाठीमागे येईल अशी खुर्ची घेऊ नका, पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडतं. चाळीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं व्हरांडा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली तर घाबरू नका, आधीच्या माणसाने रीळ उलटं गुंडाळून ठेवलंय, डबीतून काढून दुसऱ्या बाजूने घाला. यंत्राचा दिवा गेला की मात्र खरा प्रश्न असतो. जुन्या यंत्रांचे दिवे आणि पट्टे मिळेनासे झालेत आणि दुरुस्त करणारी माणसं निवृत्त झालीत. फिल्म पाचशे वर्षं टिकेल, ती बघायचं यंत्र पंधरा वर्षंही धड टिकत नाही, हा आजचा सर्वांत मोठा तोटा. शक्य असेल तर स्कॅनर जोडलेल्या नव्या यंत्राच्या ग्रंथालयात जा आणि पानं पेन ड्राइव्हवर घ्या.

डबी उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, तर त्याच क्षणी ग्रंथपालांना सांगा. जुन्या फिल्म ॲसिटेटवरच्या आहेत. ओल आणि उष्णता मिळाली की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि ते आम्लच पुढचं विघटन वाढवतं. फिल्म आक्रसते, कडेने लाटा येतात, शेवटी थर सुटतो. तसलं एक रीळ कपाटात असलं की त्याची वाफ शेजारच्यांनाही लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात वातानुकूलन रात्री बंद करणाऱ्या ठिकाणी मी हा वास अनेकदा घेतलाय. अशा रिळाचं काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि एक कडू गोष्ट. फिल्म झाली, आता फाइली कशाला, असं म्हणून मूळ कागद काढून टाकले गेलेत. ब्रिटिश लायब्ररीने १९९९ मध्ये परदेशी वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली काढायला घेतल्या, तेव्हा निकल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने पदरचे पैसे घालून त्यातल्या अमेरिकी पत्रांच्या बऱ्याच फाइली वाचवल्या. त्या पुढे २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाकडे गेल्या. आपल्याकडे हे असं गाजत नाही, टेम्पो येतो आणि जातो. एका वाचनालयात मी जिथे तीन वर्षं काम केलं तिथल्या शेल्फांवर एका उन्हाळ्यानंतर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती. फाइलींचं विचारलं तर ‘फिल्म आहे की ताई’ असं उत्तर मिळालं. ती फिल्म दोन वर्षं कमी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फाइली असताना मी ते लेखी कळवलं नव्हतं, ही माझी चूक.

तर तुमच्यापुरतं असं करा. वहीत प्रत्येक नोंदीपुढे पत्र, तारीख, पान, कॉलम आणि त्याबरोबर रिळाचा क्रमांक लिहा, आणि फिल्मवरून वाचलंय हेही. शंका असेल तिथे समासात खूण: घळ, ठिपका, आकडा, सुटलेलं पान. तीन महिन्यांनी त्या खुणांची यादी काढा, ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा छोटी निघेल. मग मूळ फाइलींसाठी अर्ज करा. अर्जात ‘१८९६-९७ च्या सर्व फाइली’ असं लिहू नका. तारखा लिहा, पानं लिहा, फिल्मवर काय दिसत नाही ते लिहा. सगळ्या फाइली मागणारे माझे अर्ज तीन ठिकाणांहून परत आले आहेत. अकरा तारखांचा अर्ज नेला, तेव्हा ग्रंथपालांनी स्वतः कपाट उघडलं आणि घळीतला आकडा बघायला शेजारी उभे राहिले.